एक्कावन्नावा गुच्छ

४ ऑक्टोबर

चि.,

पुढे 'सौ.' लिहिणार होते, तेवढ्यात हात थांबला. कोर्टाचा कागद होऊन दीड वर्ष झालं, आता तुला 'सौ.' लिहिणं बरं दिसत नाही म्हणे. 'श्रीमती' लिहिलं तर तू बँकेतली कुणी साहेबीण वाटायला लागतेस. तेव्हा नुसतंच चिरंजीव. भरपूर जग, एवढं तर कुणीही कुणाला म्हणू शकतं.

माजी सासूनं माजी सुनेला कसं लिहायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही, म्हणून सरळ कामाचं लिहिते. फोनच करणार होते. पण फोनवर तू "हं" म्हणतेस आणि मग त्या "हं"चा अर्थ लावण्यात माझा अख्खा दिवस जातो.

काम दुकानाचं आहे. समोरच्या हॉस्पिटलचे मॅनेजर परवा स्वतः रस्ता ओलांडून आले. आपल्या दुकानात उभं राहायला जागा कुठं आहे, तरी एका बादलीशेजारी अंग चोरून उभे राहिले. त्यांना आतल्या हॉलमध्ये स्वतःचा फुलांचा काउंटर काढायचाय. आपण रोज चाळीस गुच्छ बांधून द्यायचे, खपले काय न खपले काय, पैसे चाळीसांचे. दर जरा कमी, शंभरचा गुच्छ पंच्याण्णवला. बदल्यात फाटकासमोरचं दुकान बंद करायचं आणि मागच्या खोलीत बसून नुसतं बांधत राहायचं. महिनाअखेरीला हो की नाही ते सांगा म्हणाले.

आमच्या चिरंजीवांचं मत हो. त्यानं वर्षभराची विक्री काढली, रोज सरासरी अडतीस गुच्छ जातात. अडतीस खपतायत आणि कुणी चाळीस घ्यायला तयार आहे, यात विचार कसला करायचा, असं तो म्हणतो. पहाटे व्हॅन काढून फुलांच्या बाजाराला तोच जातो, पावसापाण्यात, थंडीवाऱ्यात. त्यामुळे मला फार तोंड उघडता येत नाही. त्याच्या बोलण्यात चूक सापडत नाही, आणि तरी 'दुकान बंद' म्हटलं की मी उठून बादल्यांचं पाणी बदलायला लागते. पाणी बदलणं म्हणजे काही मुद्दा नव्हे, हे मलाही कळतं.

तू एकदा जमिनीवर दहा बादल्या ओळीनं मांडून मला काहीतरी समजावत होतीस. मास्तरीणबाई, कॉलेजात पोरांना शिकवता तसं तुम्ही मला शिकवत होता, आणि मी आपली मान हलवत होते. लाल रिबिनी बांधल्या होत्यास काही बादल्यांना. त्यातलं माझ्या लक्षात एवढंच राहिलं की तू म्हणालीस, "आई, विकले गेलेले मोजू नका." मग गिऱ्हाईक आलं आणि बादल्या उचलाव्या लागल्या.

विकले गेलेले मोजायचे नाहीत तर काय मोजायचं? जमलं तर लिही. नाही जमलं तरी राग नाही.

दुकानातून,
मी


९ ऑक्टोबर

चि.,

कार्ड मिळालं. तीन ओळी. शेजाऱ्याला डबा परत करतानासुद्धा माणूस याहून जास्त बोलतं.

पण त्या तीन ओळींनी मला दोन दिवस घुमवलंय. तू लिहितेस, "चाळीस बांधले आणि चाळीस संपले, म्हणजे त्या दिवशी चाळीस जण आले असं नाही. निदान चाळीस आले, एवढंच कळतं. बोर्ड लावल्यावर किती जण परत जातात ते मोजा."

काउंटरवर आता एक मावशी असतात, त्यांना मी वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "अहो, पण बोर्ड लावल्यावर आपण असतो कुठं?"

तेच तर. आपली पद्धत तुला माहीत आहे. गुच्छ संपले की दारात 'संपले' लावायचं, शटर अर्धं ओढायचं आणि आत जाऊन आडवं व्हायचं. दुपारी तीनला संपले तर तीनला, दोनला संपले तर दोनला. लवकर संपले की आम्हाला आनंद व्हायचा. आज फूल फुकट गेलं नाही, म्हणून मी मावशींना चहा पाजायची. त्यानंतर त्या शटरपाशी कोण आलं न् कोण गेलं, देव जाणे.

आणि चाळीस का, हेही मला मावशींनीच आज विचारलं. मी म्हटलं, ह्यांनी ठरवलेला आकडा आहे. मग आठवलं, ह्यांच्या वेळच्या थंड कपाटात चाळीसच गुच्छ मावायचे. ते कपाट भंगारात गेलं, हे गेले, नवीन कपाट दुप्पट मोठं आलं. आकडा तेवढा राहिला. आता मला हसावं की काय करावं ते कळेना.

तर मी असं ठरवलंय. गुच्छ संपले की शटर ओढायचं नाही. रिकाम्या दुकानात मी बसणार. कुणी आलं की "नाहीत" म्हणायचं, आणि फुलाच्या कापलेल्या देठाचा एक तुकडा बरणीत टाकायचा. संध्याकाळी देठ मोजायचे. चिरंजीव म्हणाले, "लोकांना नाही म्हणण्यासाठी दुकान उघडं ठेवणारी तू पहिलीच असशील."

असेन बापडी. तू दोन शब्द खुशालीचे लिहिले असतेस तर बरं झालं असतं. इथं सगळे ठीक आहेत. तू विचारलं नाहीस, तरी सांगते.

तुझी माजी सासू


१९ ऑक्टोबर

चि.,

दहा दिवस झाले. रिकाम्या दुकानात बसणं हे किती अवघड काम आहे याची मला कल्पना नव्हती. भरलेल्या दुकानात हात चालू असतात, पानं काढ, देठ तिरपा काप, कागद गुंडाळ. रिकाम्या दुकानात नुसती माणसांची तोंडं बघायची. नातू झाला म्हणून धावत आलेला एक आजोबा होता. मी "नाहीत" म्हटल्यावर त्यानं मला उलट विचारलं, "मग बसलाय कशाला?" मी म्हटलं, "मोजतेय." तो माझ्याकडे असा बघत गेला की हॉस्पिटल समोरच आहे हे माझ्या लक्षात आलं.

आणि मोजणं म्हणजे सरळ काम असेल असं वाटलं होतं. एक माणूस दोनला आला, परत गेला, चारला पुन्हा आला. त्याचे देठ दोन की एक? मावशी म्हणाल्या दोन, मी म्हटलं, बायको एकच आजारी आहे तर एक. एका बाईला गुच्छ नको होता, एकच गुलाब हवा होता. मी पाऊण देठ कापून टाकला, मग मलाच हसू आलं. तीन जणांनी रक्त तपासायची खोली कुठं आहे ते विचारलं. ते सोडले. एक मुलगी काही न विचारता बादल्यांकडे बघून डोळे पुसत निघून गेली. तिचा देठ मी टाकला. का टाकला ते माहीत नाही, पण टाकला.

तर विकलेले अधिक परत गेलेले असं धरून, दहा दिवसांचं असं निघालं. दोन दिवस तिसाच्या आसपास माणसं. तीन दिवस चाळीसच्या. तीन दिवस पन्नासच्या. आणि भेटीचे दोन मोठे दिवस, त्या दोन्ही दिवशी साठ. साठ! मी बरणी दोनदा ओतून मोजली. ज्या दिवशी आम्ही दोनलाच संपले म्हणून चहा पीत होतो, त्या दिवशी वीस माणसं हात हलवत परत जात होती. फेकलेलं फूल डोळ्यांसमोर बादलीत पडतं, म्हणून मी आयुष्यभर त्याच्यासाठीच जीव जाळला. परत गेलेलं माणूस कुठल्याच बादलीत पडत नाही.

मग मी दहा बादल्या मांडल्या. तू मांडल्या होत्यास तशाच. दोन बादल्या तिसाच्या, तीन चाळीसच्या, तीन पन्नासच्या, दोन साठच्या, त्या शेवटच्या दोघींना लाल रिबीन. आणि मला एकदम वाटलं की तू हेच सांगत होतीस, की रोज किती माणसं येणार असा एक आकडा नसतोच, दहा बादल्यांची रांग असते, आणि सकाळी उठल्यावर त्यांतली कुठली बादली आपल्या वाट्याला येणार ते कुणालाच ठाऊक नसतं. एवढं मला समजलं म्हणून मी खूश झाले.

पण खुशी टिकली नाही. चिरंजीवांनी मोबाईलवर सरासरी काढून दिली, पंचेचाळीस. मी म्हटलं, झालं, पंचेचाळीस बांधू. मावशी म्हणाल्या, "पंचेचाळीस माणसं तर एकाही दिवशी आली नाहीत." आता तूच सांग. जे कधीच येत नाहीत त्यांच्यासाठी आम्ही बांधायचे का? मला वाटलं होतं सरासरी म्हणजे नेहमीचा दिवस. नेहमीचा दिवस तर या रांगेत नाहीच. माझं डोकं चालेनासं झालंय. आमच्या घरात आता जेवताना कुणी "सरासरी" म्हटलं की मी ताट घेऊन उठते.

बारा दिवस उरलेत. उत्तर लवकर दे. आणि तू जेवतेस का वेळेवर? हा प्रश्न गणिताचा नाही, तरी उत्तर चालेल.

गोंधळलेली


२४ ऑक्टोबर

चि.,

या खेपेला अर्धं पान. प्रगती आहे.

तू लिहितेस ते मी भिंतीला टेकून चार वेळा वाचलं. "एक गुच्छ उरला तर त्याला लागलेले तीस जातात. एक कमी पडला तर मिळू शकणारे सत्तर जातात. दोन्ही चुकाच, पण सारख्या नाहीत. जी चूक स्वस्त आहे तिच्याकडे झुका. मधोमध उभं राहू नका." आणि खाली लिहिलंयस, प्रत्येक बादलीचा वेगळा हिशेब करा, जी बादली जितक्या वेळा येते तितकं तिला वजन द्या, मग बेरीज करा, मी उत्तर सांगणार नाही.

सांगणार नाही म्हणे. मास्तरकी गेली नाही अजून. दुपारभर मी गुच्छाच्या खाकी कागदावर आकडे मांडत बसले, चिरंजीव शेजारी मोबाईल घेऊन. चाळीस बांधले तर दिवसामागे सव्वीसशे पडतात. पंचेचाळीसला सत्तावीसशे. पन्नासला अठ्ठावीसशे. साठला मात्र पुन्हा सत्तावीसशे, कारण तिसाच्या दिवशी तीस गुच्छ मातीत. म्हणजे पन्नास. जे उत्तर आलं त्यात सरासरीचा पंचेचाळीस कुठंच नाही. तू मला हे बादल्यांच्या वेळीच सांगितलं होतंस का? सांगितलं असशील. मी मान हलवत होते.

गंमत पुढे आहे. मॅनेजर देणार ते चाळीस गुच्छांचे, प्रत्येकी पासष्ट सुटणार, म्हणजे बरोबर सव्वीसशे. आम्ही आज चुकतोय तेवढेच. आमची चूक आम्हालाच पगार म्हणून देत होते, आणि आम्ही पेढे वाटायच्या तयारीत.

मला वाटलं आता प्रश्न सुटला. चिरंजीवांपुढे कागद धरला. त्यानं शांतपणे बघितला आणि म्हणाला, "हे अठ्ठावीसशे कुठल्या दिवशी मिळणार ते सांग."

मी प्रत्येक बादलीपाशी बोट नेलं. वाईट दिवशी पंधराशे. मधल्या दिवशी पंचवीसशे. चांगल्या दिवशी पस्तीसशे. अठ्ठावीसशे कुठल्याच दिवशी नाहीत.

"मग?" तो म्हणाला. "मॅनेजरचे सव्वीसशे रोज मिळतात. तुझे अठ्ठावीसशे कधीच मिळत नाहीत, आणि तरी ते जास्त आहेत असं तू म्हणतेस. आई, मला रात्री झोप यायला हवी."

तो चुकीचं बोलत नव्हता, म्हणूनच माझी पंचाईत. तुझ्या पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात आहे, ते त्याच्यापुढे धरलं. "सरासरीनं जास्त येतं, एवढंच गणित सांगतं. पंधराशेचे दिवस लागोपाठ आले तर सोसायचे की नाहीत, हे गणित सांगत नाही. ते तुम्ही दोघांनी ठरवायचं."

वाचून त्यानं रिबिनीचं रीळ गुंडाळलं. मग म्हणाला, "अक्षर अजून तसंच आहे तिचं." आणि व्हॅन धुवायला गेला. तुमच्या दोघांत काय बिनसलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. तो ताकास तूर लागू देत नाही. तू जाताना म्हणालीस, "आई, तुमचं नि माझं काही वाकडं नाही." मी ते खरं धरलं. पण वाकडं नाही तर मग दीड वर्ष तू या रस्त्यानं गेलीसुद्धा नाहीस, हे कुठल्या बादलीत टाकायचं?

"तुम्ही दोघांनी" असं लिहिलंस. ते वाचून मला वाईट वाटलं, हे लपवत नाही.

उद्यापासून पन्नास बांधतोय. महिनाअखेरपर्यंत बघू.

दुकानातून,
आई (खोडणार होते, राहू दे)


२८ ऑक्टोबर

चि.,

आधी माझा मूर्खपणा सांगते, मग खरं सांगायचं ते.

पन्नास बांधले त्या पहिल्याच दिवशी नेमकी तिसाची बादली आली. संध्याकाळी वीस गुच्छ उरले. वीस! शेवंती टवटवीत, गुलाब अजून धड उमललेलेही नाहीत. हे वीस मी फेकायचे? माझ्या हातून होईना. मी आणि मावशी ते घेऊन हॉस्पिटलच्या फाटकात उभ्या राहिलो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वाटून टाकले. लोक हसत होते, एका म्हातारीनं माझ्या गालाला हात लावला. मला इतकं बरं वाटलं की मी घरी येऊन गाणं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईकं दुकानापाशी येतात, गुच्छ बघतात आणि विचारतात, "संध्याकाळी फुकट मिळतात ना?" आणि समोरच्या बाकावर बसून राहतात. चार वाजता तिथं रांग. फुकटवाले मोजायचे की नाही, मावशींनी विचारलं. ते आले होते खरे, पण गुच्छाला आले होते की फुकटला? माझी बरणी नासली ती नासलीच. चिरंजीवांनी नुसतं त्या रांगेकडे आणि मग माझ्याकडे बघितलं, ते पुरे होतं.

आता मी उरलेले फेकते. तोंड फिरवून फेकते, पण फेकते. स्वस्त चूक, स्वस्त चूक, असं मनात म्हणत बादली रिकामी करते. अजून दुखतं. दुखणं त्या तिसात धरलेलं नाही, हे तुझ्या गणितात कमी आहे.

आता खरं.

काल साठाचा दिवस होता. पन्नास गुच्छ तीनच्या आत गेले. मी मागच्या खोलीत पाणी भरत होते, काउंटरवर मावशी होत्या. मी बाहेर आले तर त्या हातात देठ धरून उभ्या. म्हणाल्या, "ताई, एक आल्या होत्या, त्यांचा टाकू की नको ते कळेना."

"का?"

"काही मागितलंच नाही. 'संपले' वाचलं. बादल्यांकडे बघितलं. त्या लाल रिबिनीच्या बादलीला हात लावला आणि थोड्या हसल्या. मी म्हटलं, हवे होते का, तर मान हलवली. हो म्हणाल्या की नाही, तेच मला समजलं नाही. मग गेल्या."

मावशी नव्या आहेत, तू गेल्यावर लागल्या. त्यांनी तुला कधी बघितलेलं नाही. मी कपडे विचारले, उंची विचारली, चष्मा विचारला. चष्मा होता. चालताना एक खांदा जरा वर ठेवत होत्या का, विचारलं. मावशी म्हणाल्या, "हो, पिशवी जड असल्यासारख्या. पण पिशवी नव्हती."

मी तशीच ओल्या हातानं रस्त्यावर धावले. फाटकापर्यंत, मग आत, खालच्या हॉलपर्यंत. दिसलं कुणी नाही. एक नर्स म्हणाली, "कोणता वॉर्ड?" मला वॉर्ड कुठला माहीत असणार.

तू होतीस का? असलीस तर कशाला आली होतीस? गुच्छ घ्यायला आली असशील तर आत कोण आहे तुझं? तुझे वडील तर नाहीत ना? की तूच कुठल्या डॉक्टरला दाखवायला आलीस? रात्रभर माझा जीव टांगणीला लागलाय. की गुच्छ नकोच होता, मला भेटायला आलीस, आणि बोर्ड वाचून गेलीस? बोर्डावर 'संपले' लिहिलंय ते गुच्छांबद्दल आहे गं.

दहातले दोन दिवस असे येणारच, तूच सांगितलंस. पन्नास बांधले तरी दोन दिवस कुणीतरी परत जाणारच, ते धरूनच चालायचं. मी धरलं होतं. ते कुणीतरी तू असशील, हे धरलं नव्हतं.

तो देठ मी बरणीत टाकला नाही. काउंटरच्या खणात ठेवलाय.

एक ओळ लिही. नुसतं "मी नव्हते" लिहिलंस तरी चालेल.

आई


३१ ऑक्टोबर

चि.,

अजून तुझं उत्तर नाही. पत्र जाऊन उत्तर यायला तीन-चार दिवस लागतात, हे मला समजतं, तरी दोनदा पोस्टमनला अडवलं.

आज मॅनेजर आले. मी नाही म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "रोजची खात्री सोडताय." मी म्हटलं, "हो, सोडतेय." कारण विचारलं त्यांनी. मी त्यांना दहा बादल्या दाखवायला लागले, ते घड्याळ बघून गेले.

चिरंजीवांचं मला वाटलं होतं तसं झालं नाही. काल जेवताना तो म्हणाला, "तू आकड्यांवर विसंबतेयस की तिच्यावर?" मी म्हटलं, मला ते वेगळं करता येत नाही. तो म्हणाला, "मलाही कधी आलं नाही." मग म्हणाला, पंधराशेचे दिवस लागोपाठ आले तर व्हॅनचा हप्ता तो दुसरं भाडं मारून भागवेल, पण पाच दिवसांवर लागोपाठ आले तर मी पुन्हा त्याच्यापुढे कागद धरायचा नाही, तो म्हणेल तेवढेच बांधायचे. मी कबूल केलं. तर असं ते आम्ही दोघांनी ठरवलं. बरोबर ठरवलं की चूक, विचारू नकोस. चांगलं ठरवूनही वाईट बादली वाट्याला येऊ शकते, हे मला आता तोंडपाठ झालंय, पण त्यानं धीर मात्र येत नाही.

आता दुसरं. परवापासून मी पन्नास बांधून झाल्यावर आणखी एक बांधते. पांढरा निशिगंध आणि बारीक पानं, तुला मोठी फुलं आवडत नाहीत म्हणून. तो काउंटरच्या मागे, वेगळ्या बादलीत. विकायचा नाही. पहिल्या दिवशी चिरंजीवांनी विचारलं, कुणाचा. मी सांगितलं नाही, त्यानंही पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी बघते तर माझी रिबीन काढून कुणीतरी साधा पांढरा दोरा बांधलेला. तुला रिबिनीचा चकचकीतपणा सहन होत नाही, हे मी विसरले होते.

काल पुन्हा साठाचा दिवस. पन्नास गेले आणि एक माणूस काउंटरवर वाकून म्हणाला, "तो आहे की मागे." मी म्हटलं, दिलेला आहे. दुप्पट देतो म्हणाला. मावशींनी मला कोपरानं ढोसलं. मी नाही दिला. संध्याकाळी फेकला. तेव्हा मावशींनी विचारलं, "हा कसला हिशेब?"

मी म्हटलं, हिशेबच आहे. आणि खाकी कागद घेऊन बसले, तुझ्याच पद्धतीनं. शंभर दिवस धरले. नव्व्याण्णव दिवस तू येणार नाहीस. त्या प्रत्येक दिवशी तीस जातात, साठाच्या दिवशी गिऱ्हाईक परत घालवल्याचे सत्तरही जातात. ती बेरीज मी केली. बरीच आहे, पण दुकान बुडेल एवढी नाही. उरला एक दिवस, ज्या दिवशी तू येतेस आणि दारात 'संपले' नसतं. त्या दिवसाच्या पुढे काय मिळतं तो आकडा लिहायचा, मग त्याला वजन द्यायचं आणि बेरजेत मिळवायचं. इतकं मला येतं.

पण तो आकडा किती धरू? शंभर लिहून बघितलं, खोडलं. हजार लिहून बघितलं, तेही खोटं वाटलं. चिरंजीवांना विचारायला लाज वाटली, मावशींना विचारून उपयोग नव्हता. सुनेची किंमत धरायची तर तू सून नाहीस. मुलीची धरायची तर मला मुलगी कधी नव्हती, दर माहीत नाही. दुकानाला तुझी गरज आहे, तो आकडा कदाचित काढता येईल, पण खरं सांगायचं तर मी तो गुच्छ दुकानासाठी बांधत नाही.

म्हणून ती जागा रिकामी ठेवून कागद कपाटाच्या दारावर आतून चिकटवलाय. बाकी सगळं मी भरलंय. तेवढं तू येऊन लिही.

आई